खिरापतीतली खारीक आणि आपली शुगर

गणपतीची आरती झाली, मंत्रपुष्पांजली झाली की हातावर खिरापत पडते. खारीक, खोबरे, खसखस, खडीसाखर आणि खिसमिस. 'ख' ने सुरू होणारे पाच जिन्नस, म्हणून पंचखाद्य. आखातातल्या बऱ्याच देशांत खसखस अमली पदार्थांत मोडते, त्यामुळे आपल्या भगिनी ती शहाणपणाने वगळतात आणि इकडच्या खिरापतीत बहुधा चारच 'ख' असतात. बाप्पा समजून घेतो! पण या चारांतल्या पहिल्या 'ख' बद्दल मला आज थोडे सविस्तर लिहायचे आहे. कारण दरवर्षी उत्सवाच्या मांडवात हातात प्रसादाचा द्रोण धरून निदान पाच-सहा जण मला एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, खजूर चालतो ना हो? साखर नाही ना ती, फळ आहे." मांडवात उभ्या उभ्या मी काहीतरी उत्तर देतो आणि ते अर्धवट राहते. या वर्षी स्मरणिका समितीने लेख मागितला, तेव्हा म्हटले पूर्ण उत्तर एकदाच लिहून टाकावे.

सुरुवात एका घरगुती आठवणीने करतो. आमच्या मुलाच्या वेळी माझी आई मिरजेहून मस्कतला आली होती. बाळंतिणीला डिंकाचे लाडू हवेत म्हणून तिने डिंक, हळीव, सुके खोबरे आणि चांगली दोन किलो खारीक बांधून आणली होती. "तिकडे वाळवंटात काय मिळणार!" असा तिचा हिशेब. मी कौतुकाने त्यातल्या मूठभर खारका दवाखान्यात नेल्या. तिथे माझ्याबरोबर काम करणारा एक ओमानी सहकारी बिदियाचा, म्हणजे शर्किया भागातला होता. त्याने एक खारीक हातात घेतली, उलटसुलट केली आणि हसायला लागला. म्हणाला, "हा तर आमचा बिसर! माझे आजोबा उकळायचे हा. सगळा माल हिंदला जायचा." आई ज्या वस्तूचे ओझे विमानातून वाहून आली होती, ती बहुधा तिच्या आधी जहाजाने उलट दिशेने प्रवास करून गेली होती. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी माहेरीच आणली म्हणायची खारीक!"

आपल्यापैकी अनेकांना हे ठाऊक नसते म्हणून सांगतो. खजूर आणि खारीक ही दोन वेगळी फळे नव्हेत. खजुरीचे फळ आधी हिरवे असते, मग जातीप्रमाणे पिवळे किंवा लाल होते. या कडक, किंचित तुरट अवस्थेला ओमानात 'बिसर' म्हणतात. पुढे ते एका टोकाकडून मऊ आणि तपकिरी होऊ लागते तो 'रुतब', आणि झाडावरच पुरते पिकून पाणी आटले की 'तमर', म्हणजे आपला खजूर. खारीक करण्यासाठी फळाला रुतब होऊच देत नाहीत. शर्किया भागात 'मब्सली' जातीचे पिवळे घोस उन्हाळ्यात उतरवतात, मोठ्या तांब्याच्या कढईत उकळतात आणि मोकळ्या जागेवर उन्हात वाळवतात. उकळल्यामुळे फळातली विकरे निकामी होतात, म्हणून ते मऊ पडत नाही. वाळून टणक होते आणि महिनोन् महिने टिकते. या सगळ्या हंगामाला 'तबसील' म्हणतात आणि हा माल पूर्वीपासून मुख्यतः हिंदुस्थानात जात आला आहे. सिंधमधूनही खारीक येत असे आणि येते, त्यामुळे आपल्या ओटीतली प्रत्येक खारीक ओमानी असे मी म्हणणार नाही. पण ओटीत खण-नारळ, हळकुंड, सुपारी, बदाम यांबरोबर आपण जे फळ ठेवतो ते कोकणात किंवा देशावर पिकणारे नाही, समुद्रापलीकडून आलेले आहे, एवढे मात्र खरे.

हा व्यापार किती दूरवर होता पाहा. सय्यद सईद यांचे 'सुलताना' हे जहाज १८४० साली न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्याच्या मालात मस्कतचा खजूर होता. पुढे ओमानचा 'फर्द' खजूर अमेरिकेत बराच लोकप्रिय झाला. इकडे मस्कत-मत्रामधल्या कच्छी भाटिया पेढ्यांनी पिढ्यान् पिढ्या खजूर बाहेर पाठवला आणि बदल्यात तांदूळ, कापड आणले. आज ओमानात खजुरीच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि वर्षाला साडेतीन लाख टनांहून अधिक फळ निघते. मे अखेरीस 'नघाल' येतो, मग 'खुनेझी', 'खलास', 'फर्द' असे एकामागून एक येत राहतात. फलजांच्या पाण्यावर वाढलेल्या या झाडाविषयीचे ज्ञान आणि परंपरा यांना युनेस्कोने २०१९ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यात ओमानही होता. कुरुमचे नाव मात्र तिवरांवरून पडले आहे, 'कुर्म' म्हणजे खाडीकाठचे तिवर. पण रस्त्याच्या दुतर्फा खजुरीच आहेत आणि जूनमध्ये त्यांच्या घोसांना जाळीच्या पिशव्या बांधलेल्या दिसल्या की इथला रुतबचा हंगाम सुरू झाला हे कळते.

आता मुद्द्याकडे वळू. खजुरात असते काय?

अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम बिनबियांच्या खजुरात सुमारे २८० कॅलरी असतात. कर्बोदके ७५ ग्रॅम, त्यातली साखर ६३ ते ६६ ग्रॅम. चोथा, म्हणजे तंतुमय भाग, ७ ते ८ ग्रॅम. प्रथिने जेमतेम अडीच ग्रॅमपर्यंत, चरबी जवळपास नाहीच. पोटॅशियम भरपूर, ६५० ते ७०० मिलिग्रॅम. मॅग्नेशियम ४३ ते ५४ मिलिग्रॅम. शिवाय पॉलिफेनॉल वर्गातली अँटिऑक्सिडंट द्रव्ये चांगल्या प्रमाणात. 'क' जीवनसत्त्व मात्र नावापुरते.

म्हणजे वजनाच्या जवळजवळ दोन-तृतीयांश साखरच! ही साखर मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी सुटी असते, काही जातींत आपली नेहमीची सुक्रोजही असते. "नैसर्गिक साखर आहे" हे वाक्य खरे आहे, पण उसाची साखरही काही कारखान्यात जन्मत नाही, शेतातच जन्मते. आपल्या स्वादुपिंडाला शेत आणि कारखाना यांतला फरक कळत नाही. त्याला कळते ते फक्त किती ग्लुकोज आले आणि किती वेगाने आले.

आता लोहाबद्दल. खजूर खाल्ला की हिमोग्लोबिन वाढते ही आपल्या घराघरांत पक्की बसलेली समजूत आहे. वरच्याच तक्त्यात १०० ग्रॅम खजुरात लोह सुमारे १ मिलिग्रॅम आहे. काही भारतीय तक्त्यांत खारकेचा आकडा यापेक्षा जास्त दिलेला आढळतो, कारण जात, माती आणि वाळवण्याची पद्धत यांवर ते अवलंबून असते. पण आपण दोन-तीन खारका खाणार! भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. शिवाय वनस्पतींतले लोह शरीरात कमी शोषले जाते. हिमोग्लोबिन ८ असलेली मुलगी जेव्हा "मी रोज खजूर खाते ना डॉक्टर" असे सांगते आणि लोहाच्या गोळ्या तशाच कपाटात पडून असतात, तेव्हा मला खजुराचा राग येतो. खरे तर त्या फळाचा काहीच दोष नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण शोधायचे, गोळ्या घ्यायच्या. खजूर हवा तर वर चवीला.

मग जुन्या लोकांनी बाळंतिणीला खारीक का दिली? चरकसंहितेत थकवा घालवणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गण आहे, श्रमहर गण, त्यात द्राक्षांबरोबर खजूरही आहे. हे मला अगदी पटते. झटकन मिळणारी साखर, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, शिवाय पोट साफ ठेवणारा चोथा. ज्या काळी बाळंतीण अशक्त असायची, दिवसभर कष्ट असायचे आणि दोन वेळचे पोटभर मिळायचेच असे नाही, त्या काळी डिंकाचा लाडू हे उत्तम टॉनिक होते. आज तीच मुलगी एअरकंडिशन घरात असते, मोटारीने फिरते आणि तिचे वजन गरोदरपणात अठरा किलोंनी वाढलेले असते. लाडू तोच आहे, खाणारी बदलली आहे.

आता ज्या प्रश्नासाठी एवढे लिहिले तो मधुमेहाचा प्रश्न. इथे मला आधी माझी एक चूक कबूल करायची आहे.

मी ओमानात आलो तेव्हा नवा होतो आणि उत्साही होतो. वर्गात शिकलेले ताजे होते, मधुमेह म्हणजे गोड बंद. एक वृद्ध ओमानी रुग्ण समाइलकडून येत असत. त्यांची स्वतःची खजुरीची बाग होती. त्यांची शुगर फार वाढलेली पाहून मी माझ्या मोडक्या अरबीत त्यांना सांगितले, "तमर ममनू!" खजूर बंद. ते हसले, छातीवर हात ठेवून आभार मानले आणि गेले. नंतर ते आलेच नाहीत. अकरा महिन्यांनी त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम होती आणि ती काळी पडली होती. अंगठा काढावा लागला. मुलाने नंतर मला शांतपणे सांगितले, "डॉक्टर, वडील म्हणाले, हा चांगला माणूस आहे, पण जे मला जमणार नाही ते याने सांगितले आहे. आता जाऊन त्याच्याशी खोटे कसे बोलू? म्हणून ते आलेच नाहीत. गोळ्याही संपल्या, त्या परत घेतल्या नाहीत."

त्या माणसाच्या घरी पाहुणा आला की आधी खजूर आणि कहवा पुढे येणार. तो दुसऱ्याकडे गेला तर तिथेही तेच. उपवास सुटणार तो खजुरावर. त्याला खजूर बंद म्हणजे माणसांत बसणेच बंद. माझी आई मिरजेत कोणाच्याही घरी चहा न पिता उठू शकेल का? मी तिला कधी तसे सांगितले नसते, पण इथे मात्र सांगून मोकळा झालो. त्या दिवसापासून मी 'बंद' हा शब्द टाकला आणि मोजायला शिकवू लागलो.

मोजायचे कसे, ते आता सांगतो. त्याआधी संशोधन काय म्हणते ते थोडक्यात पाहू. अमिरातीत अल ऐन इथे झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात फर्द, लुलू, बू मआन, दब्बास आणि खलास या पाच जातींचा खजूर १३ निरोगी आणि १० मधुमेही व्यक्तींना देऊन रक्तातली साखर किती चढते ते मोजले. शुद्ध ग्लुकोजला १०० धरले तर निरोगी व्यक्तींत हा आकडा, म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, ४६ ते ५५ च्या दरम्यान आला आणि मधुमेहींत ४४ ते ५३ च्या दरम्यान. म्हणजे कमी. इतक्या गोड फळाच्या मानाने आश्चर्य वाटावे इतका कमी! चोथा आणि फ्रुक्टोज यांमुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. बहारीनमध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत मधुमेही आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी १६ आठवडे रोज तीन खजूर खाल्ले. त्यांची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, वाढली नाही आणि कोलेस्टेरॉल थोडे उतरले.

हे दोन्ही अभ्यास लहान आहेत हे लक्षात ठेवा. पण त्यांचा अर्थ सरळ आहे, रोज तीन खजुरांनी काही बिघडत नाही. मात्र मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपांत यातला 'तीन' हा शब्द गळून पडतो आणि उरते ते "खजुराने शुगर वाढत नाही, संशोधनाने सिद्ध!" ग्लायसेमिक इंडेक्स हा फक्त वेग सांगतो, किती खाल्ले ते सांगत नाही. गाडी हळू चालवली तरी सकाळपासून चालवत राहिलात तर सलालापर्यंत पोहोचालच.

आपल्याच मंडळींतल्या एका गृहस्थांचे असेच झाले. (नाव, गाव अर्थातच देत नाही. त्यांनी परवानगी दिली म्हणून लिहितो आहे.) त्यांची सरासरी ७.२ होती, छान चालले होते. सहा महिन्यांनी पाहतो तर ९.१! मी विचारले, गोळ्या घेता का? घेतो. चालता का? कुरुमच्या किनाऱ्यावर रोज चालतो. काय बदलले? काहीच नाही, उलट साखर पूर्ण सोडली. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, ते दिब्स सांगा ना." साखर सोडून त्यांनी चहात दिब्स, म्हणजे खजुराचा पाक, घालायला सुरुवात केली होती, दिवसातून तीन वेळा. शिवाय सकाळी दुधाबरोबर दहा खजूर, "शक्तीसाठी".

बिचारे दिब्स! निझवाच्या सतराव्या शतकातल्या किल्ल्यात दरवाजांवर जी भोके दाखवतात, त्यांतून हाच पाक उकळून शत्रूवर ओतत असत असे सांगतात. त्या गृहस्थांनी तो स्वतःच्याच स्वादुपिंडावर ओतला. पाकात खजुराची साखर सगळी उतरते आणि चोथा जवळजवळ सगळा मागे राहतो, म्हणजे त्या फळाची जी जमेची बाजू तीच गेली. त्याला मध म्हणा, पाक म्हणा, मधुमेह्याने साखरच समजायची. आणि दहा खजूर म्हणजे बिया काढून साधारण ८० ग्रॅम, त्यात ६० ग्रॅम कर्बोदके. एका मध्यम पोळीत ती सुमारे २० ग्रॅम असतात. म्हणजे नाश्त्याआधीच तीन पोळ्या झाल्या!

तेव्हा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. खलास, फर्द, खुनेझी अशा मध्यम आकाराचे तीन खजूर म्हणजे एक पोळी. मोठा मेजूल असेल तर तो एकटाच तिघांच्या बरोबरीचा, कारण बी काढलेला एक मेजूल २४ ग्रॅमच्या आसपास भरतो. ज्यांची शुगर आटोक्यात आहे त्यांनी दिवसात दोन-तीन जरूर खावेत, पण त्या वेळी एक पोळी किंवा तेवढा भात कमी करावा. नुसते खाण्यापेक्षा चार बदाम किंवा वाटीभर दह्याबरोबर खावेत, म्हणजे साखर आणखी सावकाश चढते. आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर खाऊन दोन तासांनी स्वतःच मोजून पाहावे. माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते चांगले, कारण एकच फळ दोघांना सारखे वागवत नाही.

आपल्या लोकांनी जास्त सावध का राहायचे यालाही कारण आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघेही सडपातळ, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बालकांचा अभ्यास करून हेच दाखवले की आपली बाळे वजनाने हलकी असली तरी चरबीच्या बाबतीत हलकी नसतात. म्हणजे आरशात बारीक दिसणारा मराठी माणूसही आतून तसा असेलच असे नाही. एका मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले, त्यांनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. ओमानातही २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांमधले प्रमाण सुमारे १५ टक्के निघाले. आपण दोन्हीकडचे. तिकडची जनुके आणि इकडची मोटार!

ज्यांची मूत्रपिंडे कमजोर झाली आहेत त्यांची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती मला ठळकपणे सांगायची आहे. निरोगी माणसाला पोटॅशियम चांगले, रक्तदाबालाही चांगले. पण क्रिएटिनिन वाढलेले असेल, डायलिसिस चालू असेल, किंवा रक्तदाबाच्या, हृदयाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील (स्पायरोनोलॅक्टोन, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन या वर्गातल्या), तर पोटॅशियम शरीरात साठू शकते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांनी शेजाऱ्यांनी प्रेमाने पाठवलेला रुतबचा डबा उघडण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. शहाळ्यालाही तोच नियम.

गरोदर स्त्रियांत सध्या एक नवी पद्धत दिसते, नवव्या महिन्यात रोज सहा खजूर. याला थोडा आधार आहे. जॉर्डनमध्ये ६९ स्त्रियांनी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले आणि ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यापेक्षा त्यांच्या कळा आपोआप सुरू होण्याचे प्रमाण जास्त आढळले. हा अभ्यास २०११ चा. पण त्यात कोणी खायचे आणि कोणी नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नये. निरोगी मुलीने खायला हरकत नाही. मात्र गरोदरपणातला मधुमेह निघाला असेल, आणि आपल्या मुलींत तो पुष्कळ निघतो, तर सहा खजूर म्हणजे दोन पोळ्या हे सासूबाईंनीही लक्षात घ्यावे.

एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांत खजूर हा साबुदाण्यापेक्षा नक्कीच बरा, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. पण ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी दिवसभर काही न खाता संध्याकाळी खजुरावर तुटून पडू नये. दुपारी शुगर खाली जाते आणि रात्री आकाशाला भिडते. उपवास धरायचाच असेल तर आधी औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. आणि घाम फुटून, हातपाय थरथरून शुगर उतरल्याचे जाणवले तर त्या क्षणी खजूर चघळत बसू नये, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यावी किंवा अर्धा पेला फळाचा रस घ्यावा. तिथे वेगच हवा असतो. दुसरे काहीच जवळ नसेल तरच खजूर.

मुलांना बिस्किटांऐवजी खजूर देणाऱ्या आयांचे मी कौतुक करतो, फक्त नंतर चूळ भरायला लावा. हा चिकट गोडवा दाढांत अडकून राहतो.

खरेदीबद्दल दोन शब्द. फार चकचकीत दिसणाऱ्या डब्यावरचे घटक वाचा, कधी कधी वरून ग्लुकोजचा पाक चढवलेला असतो. खजुरावर पांढुरके कण दिसले तर ती बहुतेक वेळा साखरच वर आलेली असते, बुरशीला लव असते आणि आंबूस वास येतो. खाण्यापूर्वी धुवावा आणि फोडून आत पाहावे, कधी कधी आत पाहुणे असतात! रुतब फ्रीजमध्ये ठेवावा, जास्त असेल तर सरळ फ्रीझरमध्ये, महिनोन् महिने टिकतो.

दिब्सवाल्या गृहस्थांनी पाक सोडला, दहाचे तीन केले, संध्याकाळची एक पोळी कमी केली. गोळीही मला वाढवावी लागली, ते लपवत नाही. पाच महिन्यांनी सरासरी ७.४ वर आली. समाइलचे ते आजोबा पुढे नियमाने येत राहिले. दर वेळी स्वतःच्या बागेतला खलास माझ्यासाठी आणायचे आणि माझ्यासमोर मोजून तीन उचलून मला दाखवायचे.

आणि खिरापत? एक चमचा बिनधास्त घ्या. तिच्यात मुख्यतः खोबरेच असते, त्याने कोणाची शुगर बिघडलेली मी पाहिलेली नाही. मोदकाचे मात्र विचारू नका. उकडीच्या एका मोदकात तीन खजुरांइतकी कर्बोदके सहज असतात आणि आपण एकावर थांबल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.